जिनातल्या एकतीस बायांची तपासणी

संपादक माझ्या नातवाच्या वर्गातले. घरी येऊन म्हणाले, "आजी, दिवाळी अंकासाठी तुमच्या सेवाकार्यावर काहीतरी लिहा." मी म्हटलं, बापा, सेवा देवाची करतात. मी नोकरी केली. जन्मभर नर्स होते. किती बाळंतपणं केली आणि किती जणांना सुया टोचल्या, ही यादी वाचून कोणाचं पोट भरणार आहे? त्यापेक्षा एका डॉक्टरला मी दिवसभर कसं फसवलं आणि त्यानं मला कसं पकडलं, ते सांगते. केलेली सेवा मला फारशी आठवत नाही. फसवणूक मात्र अगदी लख्ख आठवते.

गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या चार-पाच वर्षांतली. वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता, आमचं मंगरूळपीर अकोला जिल्ह्यात मोडायचं. गावाबाहेर कापसाचा एक कारखाना होता, त्याला सगळे नुसतं जीन म्हणायचे. तिथं कापसातली सरकी वेगळी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या. लांबलचक खोलीत ओळीनं यंत्रं मांडलेली, त्यांना रेचे म्हणत. प्रत्येक रेच्यापुढं एक बाई उभी. पाठीवरून कापसाचा भारा आणायचा, रेच्यात सारत राहायचा, संपला की पुन्हा आणायचा. हवेत कापसाचा कीस एवढा, की संध्याकाळी बाया बाहेर पडल्या म्हणजे तरण्याताठ्या पोरीसुद्धा पिकल्या केसांच्या दिसायच्या.

कारखान्यांचा नवा कायदा तेव्हा नुकता आला होता. मालकानं प्यायला पाणी ठेवावं, फिरत्या पट्ट्यांना जाळी लावावी, औषधाची पेटी ठेवावी, धुळीत काम करणाऱ्यांची डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी, असं बरंच काही त्यात होतं म्हणतात. आमच्या जिनात पेटी होती. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली मॅनेजरसाहेबांच्या जानव्याला होती. एकदा एका हमालाचं बोट चेचलं तेव्हा पेटी उघडली. आत आयोडीनची अर्धी बाटली, साहेबांचा अडकित्ता आणि सुपाऱ्या.

तपासणीही होत होती. आधीचे डॉक्टर वयस्कर. टांग्यातून खाली न उतरता फाटकाशीच विचारायचे, "सगळे खुशाल?" चौकीदार म्हणायचा, "खुशाल." की झाली सही. मी टांग्यात औषधाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची. खोटं कशाला बोलू, मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. घरी लवकर जायला मिळायचं.

मग ते डॉक्टर गेले आणि नागपूरहून एक नवे आले. वय तिशीच्या आत, अंगानं काडी, पण डोक्यात नियम. पहिल्याच वर्षी म्हणाले, "सिस्टर, आपण प्रत्येक माणूस तपासायचा. पहिल्या दिवशी पुरुष, दुसऱ्या दिवशी बायका." मी मनात म्हटलं, आलं का हे झेंगट!

पुरुषांचा दिवस मजेत गेला. एका हमालाला डॉक्टर म्हणाले, "श्वास आत घ्या." त्यानं घेतला. डॉक्टर लिहीत बसले. हमालाचा चेहरा वांग्यासारखा झाला तरी तो श्वास सोडेना, कारण सोडा असं कोणी म्हटलंच नव्हतं. इंजिनवाले रहीमचाचा जन्मभर इंजिनापाशी उभे राहून ठार बहिरे झालेले. डॉक्टरांनी त्यांच्या पाठीमागून आधी हळू आवाज दिला, मग मोठ्यानं, मग अगदी ओरडून. चाचा ढिम्म. शेवटी समोर येऊन खुणेनं विचारलं तेव्हा म्हणाले, "डाक्टरसाब, इंजन की आवाज बराबर आती है. आदमी की सुनके आज तक किसका भला हुआ?"

इथवर ठीक होतं. पण दोन माणसांच्या छातीत डॉक्टरांना घरघर ऐकू आली. त्यांनी कागदावर लिहिलं, "पंधरा दिवस विश्रांती, नंतर हलकं काम." मॅनेजरसाहेबांनी 'विश्रांती' एवढंच वाचलं आणि त्याच दुपारी दोघांना फाटकातून बाहेर काढलं. म्हणाले, "घ्या आता विश्रांती, कायमची." कायदा म्हणत होता मजुराला जपा. साहेबांनी त्याचा अर्थ काढला, दुखणेकऱ्याला हाकला.

दिवे लागायच्या वेळेला माझ्या दारात बायांचा घोळका. पुढं सुभद्रा, तिच्या आड काशी. काशीला महिनाभर खोकला होता, आणि पदर तोंडात कोंबून खोकायची सवय तिला लागली होती.

"बाई," सुभद्रा म्हणाली, "उद्या आमची पाळी हाय. काशीले काढतीन ते. तिचा नवरा अंथरुनावर हाय, तुमाले मालूमच हाय. तिनं कुठी जावं?"

"मी काय करू? मी डॉक्टर आहे का?"

"म्हनूनच तं आलो तुमच्याकडे. डाक्टर असत्या तं आलो नसतो."

सुभद्रेचं बोलणं असं. अंगापिंडानं दणकट, आवाज फाटकापर्यंत जाणारा. सरकीचं पोतं पुरुषाच्या बरोबरीनं उचलायची आणि वर पुरुषालाच विचारायची, "काहून रे, जेवला नाहीस का आज?" नवरा कधीच घर सोडून गेलेला. दोन लेकरं आणि सासू तिच्या एकटीच्या हातावर. पण तिच्या तोंडून तक्रार म्हणून कधी ऐकली नाही. जिनातल्या बाया तिच्या भरवशावर असायच्या.

आता एक अडचण आधीच होऊन बसली होती. बायांनी डॉक्टरांना निरोप दिला होता, परक्या पुरुषापुढं आम्ही छाती दाखवणार नाही. डॉक्टरांनी तोड काढली. मध्ये चादरीचा पडदा लावायचा. अलीकडं डॉक्टर कानात नळ्या घालून बसणार, पलीकडं बाई आणि मी, आणि नळीच्या टोकाची चकती मी तिच्या छातीला लावायची. स्टेथोस्कोपची नळी तेवढी लांब नव्हती, म्हणून त्यांनी दवाखान्यातल्या एनिम्याच्या डब्याची रबरी नळी तिला जोडली. उकळून घेतली होती म्हणा. पण ती नळी कुठली हे मला ठाऊक होतं, आणि डॉक्टर एवढ्या गंभीर चेहऱ्यानं ती कानाशी धरून बसलेले बघितले की मला हसू आवरायचं नाही.

पडद्याचं ऐकल्याबरोबर सुभद्रेचे डोळे चमकले. "म्हंजे डाक्टरले इकडचं काई दिसनार नाही?"

"नाही."

"मंग लावा ना माहीच छाती सगळ्याईच्या नावावर. माह्या छातीले काय धाड भरली?"

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी रागावायला हवं होतं. नर्सच्या शिक्षणात मला ते शिकवलं होतं. पण फाटकाबाहेर निघालेले ते दोघे मी दुपारीच पाहिले होते, आणि खरं सांगायचं तर, नव्या डॉक्टरची थोडी जिरवावी असंही मनात होतं. मी म्हटलं, "एकीनं जरी बाहेर ब्र काढला तर मीच तुमचं नाव सांगेन." झालं, ठरलं.

दुसऱ्या दिवशी रुईच्या गोदामात पडदा लागला. सुभद्रा स्टुलावर ऐटीत बसली, नवरीसारखी. एकेक बाई पडद्याआड यायची, नाव सांगायची. नवऱ्याचं नाव आमच्याकडं बाई घेत नाही, ते शेजारीण सांगायची. त्यामुळं डॉक्टरांना प्रत्येक वेळी दोन-दोन आवाज ऐकू यायचे आणि संशयाला जागाच नव्हती. मग डॉक्टर म्हणायचे, "मोठा श्वास." सुभद्रा घ्यायची. "खोका." सुभद्रा खोकायची. पोरगी असली की बारीक खोकायची, म्हातारी असली की थरथरत. पारबताबाईच्या वेळी तर खोकून झाल्यावर "अयाई माय व" असं कण्हली सुद्धा. खरी पारबताबाई बाजूला उभी राहून डोळे वटारत होती. मी एका हातानं चकती धरली होती आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड.

चार-पाच बाया झाल्या आणि डॉक्टरांनी नळी आपल्या बाजूला ओढून घेतली. पडद्याच्या फटीतून मी बघितलं, त्यांनी ती झटकली. मग स्वतःच्या छातीला लावून बघितली. मग चौकीदाराला बोलावून त्याच्या छातीला लावली. पुन्हा म्हणाले, "हं, पुढची." आवाज अगदी साधा. मला वाटलं, नळीत पाणी राहिलं असेल. अशा एकतीस बाया झाल्या. काशीही त्यात सुखरूप पार पडली. बाया कामावर गेल्या, आणि मी पडदा काढायला लागले.

"सिस्टर, बसा जरा," डॉक्टर म्हणाले. "या गावात एक चमत्कार झालाय. एकतीस बायकांना हृदयाचा एकच आजार आहे. झडप आखडलेली. ठोक्यामागून घरघर येते, जातं ओढल्यासारखी. ठोका तोच, घरघर तीच. विशीच्या पोरीला तीच आणि साठीच्या म्हातारीला तीच."

माझं हसू जिथल्या तिथं राहिलं.

"मी रागावलेलो नाही," ते म्हणाले. "म्हणजे रागावलोय, पण ते नंतर. आधी मला सांगा, स्टुलावर कोण होती?"

मी पडद्याची घडी घालायला घेतली.

"ती बाई पाठीवर भारे वाहते, दिवसभर उभी राहते. असंच चाललं तर एक दिवस भाऱ्यासकट खाली बसेल आणि उठणार नाही. बसून करायचं काम मिळालं तर बरीच वर्षं काढेल. नाव सांगा."

"नाव सांगितलं तर उद्या सकाळी मॅनेजर तिला काढून टाकेल," मी म्हटलं. "मग ती आजारानं जायची नाही. भुकेनं जाईल, अन् सोबत लेकरं. काल तुम्ही कागदावर विश्रांती लिहिली, त्याचं काय झालं बघितलंत ना?"

हे त्यांना लागलं. त्या दोघांना काढल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. ते आपल्या कागदावरची नावं एकेक करून पुन्हा वाचायला लागले. इकडं माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. अख्खा दिवस चकती माझ्या हातात होती. एकदा जरी नळ्या स्वतःच्या कानात घातल्या असत्या तरी मला कळलं असतं. मी ऐकलंच नाही. आम्ही सगळ्या गावातून निवडून जी छाती आणली, तीच नेमकी दुखणाईत निघाली. दणकट दिसते म्हणून आम्ही तिला बसवलं होतं. दुसरी कोणाचीही घेतली असती तरी चाललं असतं.

एवढ्यात डॉक्टर गालातल्या गालात हसले. "सिस्टर, मला नाव नकोच. माझ्या कागदावर एकतीस नावं आहेत. चला मॅनेजरकडे."

मॅनेजरसाहेब जेवून नुकतेच गादीवर टेकले होते. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागलेली, हंगाम ऐन भरात. डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला आणि गंभीरपणे सांगितलं, "तुमच्या एकतीसच्या एकतीस बायका हृदयाच्या रोगी आहेत. उद्यापासून एकही रेच्यावर उभी राहता कामा नये. तुमची पद्धत आहेच, दुखणं निघालं की काढायचं. काढा."

साहेबांच्या हातातला विडा तसाच राहिला. "सगळ्या? अहो, सकाळी तर उभ्या होत्या!"

"तेच तर नवल."

"डॉक्टरसाहेब, थोडंफार हृदय-बिदय प्रत्येकालाच असतं! म्हणून काय कोणी कामावरून काढतं? माणुसकी आहे की नाही काही?"

देवाशप्पथ सांगते, 'माणुसकी' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

"म्हणजे आजारी मजुराला काढू नये, असं तुमचं मत आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"अर्थातच!"

"त्याला झेपेल ते काम द्यावं?"

"द्यावं की! का देऊ नये?"

"मजुरी तीच?"

इथं साहेब अडखळले. बाहेर एक बैल हंबरला. साहेबांनी गाड्यांच्या रांगेकडं बघितलं. "तीच," म्हणाले.

"मग एवढं लिहून द्या. तुमच्या हस्ताक्षरात. आणि काल जे दोघं काढले तेही मजूरच आहेत."

साहेबांनी लिहून दिलं. सही केली, शिक्काही मारला. कागदावरची शाई वाळल्यावर डॉक्टर म्हणाले, "मला वाटतं, माझी नळी बिघडली असावी. एनिम्याची आहे ती. उद्या मी सगळ्या बायकांची पुन्हा तपासणी करतो." साहेबांचा चेहरा काढायला फोटोग्राफर हवा होता. पण कागद डॉक्टरांच्या खिशात गेला होता.

दुसऱ्या दिवशी पडदा तोच, पण कानात नळ्या माझ्या. डॉक्टर अलीकडून विचारायचे, काय ऐकू येतं, कुठं येतं, आणि मी सांगायचे. शंका आली की ते स्वतः ऐकायचे, आणि आता प्रत्येक बाई आपापली छाती घेऊन यायची. काशीच्या छातीत धुळीशिवाय काही निघालं नाही. आठ दिवस घरी बसली, तोंडाला फडकं बांधून परत आली आणि पुढं माझ्यापेक्षा जास्त ठणठणीत राहिली. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तिला काही झालंच नव्हतं! काढलेल्या दोघांपैकी एक परत आला. दुसरा धनज गावाकडचा होता, तो त्याच दिवशी बिऱ्हाड उचलून गेला होता. मी दोन-तीनदा निरोप धाडला. त्याचं काय झालं ते मला आजवर कळलं नाही, आणि ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

राहिली सुभद्रा. ती पुढं बरीच वर्षं जगली, लेकीचं लग्न पाहिलं, हे आधीच सांगून टाकते, कारण मला वाचणाऱ्याला टांगून ठेवायला आवडत नाही. पण त्या दिवशी ती काही ऐकायला तयार नव्हती.

जिनाच्या मागं एक छप्पर होतं. तिथं म्हाताऱ्या बाया बसून कवडी वेचायच्या. कवडी म्हणजे डागाळलेला, किडका कापूस. चांगल्यातून तो निवडून बाजूला काढायचा. बसून काम, उचलणं काही नाही, आणि आता मजुरीही तीच. मी सुभद्रेला तिथं घेऊन गेले. तिनं बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"मले म्हाताऱ्यायीत बसवता? मी काय मेली काय?"

"डॉक्टर म्हणतात, तुझ्या हृदयाची झडप बिघडली आहे."

"डाक्टर काल म्हने सगळ्याईचीच बिघडली. आज म्हनते माही एकटीची. उद्या म्हनन बैलाची बिघडली. मी पोतं उचलते बाई, तुमी पाहिलं नाही का?"

"दम लागतो का तुला?"

"लागते. कोनाले नाही लागत?"

"रात्री झोपताना?"

"उशाले पोतं घेते मी. आडवं पडलं की जीव घाबरा होते. त्यात काय व्हय? काम केलं की सगळ्याईलेच तसं होते."

"होत नाही सुभद्रे."

"होते! तुमी कधी भारा वाह्यला हाय काय? तुमाले काय मालूम?"

मग माझं डोकं फिरलं. कालपासून जे मनात साचलं होतं ते तिच्यावरच निघालं. मी म्हटलं, "गप्प बैस! स्वतःच्या कानानं ऐक." पिशवीतून स्टेथोस्कोप काढला, नळ्या तिच्या कानात घातल्या आणि चकती तिच्याच छातीला लावली. ती खुदकन हसली. "माय व, इंजन हाय काय आत?" कवडीवाल्या म्हाताऱ्याही हसल्या. तिला मोठी गंमत वाटली.

काशी तिची पाठराखण करायला आलेली, बाजूलाच उभी होती. मी तिला ओढून जवळ घेतलं आणि चकती तिच्या छातीला लावली.

सुभद्रा ऐकत राहिली. तिनं माझ्या हातातली चकती स्वतःच धरली, पुन्हा आपल्या छातीला लावली आणि परत काशीच्या. मग छपराखालच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी गेली, वाकली आणि तिचंही ऐकलं. म्हातारीचं जरा जास्तच वेळ ऐकलं. नळ्या कानातून काढल्या तेव्हा तिचा आवाज फाटकापर्यंत जाणारा नव्हता.

"हिचं तं किती साधं हाय वो बाई," ती म्हणाली. "मले वाटलं, सगळ्याईचं असंच वाजते."

तिनं स्टेथोस्कोप नीट गुंडाळून माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि छपराखालच्या म्हाताऱ्यांकडं बघितलं.

"सरका व जराशा," ती म्हणाली. "कुठी बसू मी?"